गाडीची उजवी भुवई

मखमलाबादच्या मळ्यात, घरामागच्या भाजी धुवायच्या ओट्यावर, एक लाल एमजी मिजेट उभी होती. साठीच्या दशकातली ही गाडी दोनच माणसांची, बिनछपराची, आणि इतकी बुटकी की शेजारी मेथीच्या क्रेटची चळत लावली तर चळतच उंच दिसायची. तिच्या मागच्या डाव्या चाकापाशी तेजस्विनी उकिडवी बसली होती. तोंडात पेन्सिल, मनगटावर चिकटपट्टीचं रीळ, आणि मांडीवर फायबरची एक रुंद, काळी कमान.

या कमानीला गाडीवाले फ्लेअर म्हणतात. तेजस्विनीची आई नवसाबाई तिला झालर म्हणायची, आणि ते जास्त बरोबर होतं. चाकावरच्या मडगार्डाची कड कापायची आणि तिथे बाहेरून ही झालर बसवायची, म्हणजे रुंद टायर तिच्याखाली झाकला जातो आणि गाडी खड्ड्यात आपटली तरी वर उसळणारा टायर पत्र्याला घासत नाही.

हे सगळं कशासाठी, ते मळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. शहराबाहेरच्या एका डांबरी मैदानावर दर हिवाळ्यात शंकू मांडून गाड्यांची शर्यत होते. एक एक गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. अंबडच्या कारखान्यात टूल रूममध्ये कामाला असलेली तेजस्विनी दोन हिवाळ्यांपूर्वी तिथे पहिल्यांदा उतरली, तेव्हा जुन्या अरुंद टायरांवर गाडी प्रत्येक वळणाला बाहेर घसरली. म्हणून तिने रुंद चाकं घेतली. मागच्या हिवाळ्यात ती चाकं लावून गेली, तर तपासणीच्या टेबलापाशीच थांबवलं. तपासणीसांनी मडगार्डाच्या कडेवरून ओळंबा सोडला. टायर दोऱ्याच्या बाहेर दोन बोटं आला होता. टायर झाकलेला नसेल तर मैदानात सोडत नाहीत, असा नियम. वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. टेम्पोवर गाडी चढवून ती आणि तिचे वडील सावळीराम परत आले.

या वर्षी मैदानात उतरायचंच, असं तिने त्या टेम्पोतच ठरवलं होतं.

अडचण होती ती सावळीरामांची. गाडी त्यांची. देवळालीच्या एका डॉक्टरांकडे ते फुलं पोचवायला जायचे, तिथे ही आंब्याखाली गंजत पडलेली. डॉक्टर घर बंद करून मुलाकडे निघाले तेव्हा सावळीरामांनी ती मागून घेतली आणि भाजीचं काम आटोपल्यावर रोज थोडी थोडी घासून, ठोकून उभी केली. मागचं उजवं मडगार्ड तर चाळणी झालं होतं. तो पत्रा त्यांनी स्वतः ठोकून बसवला होता, आणि पाहुणे आले की ते त्या मडगार्डावर हात ठेवूनच बोलायचे.

तेव्हा कापायची गोष्ट निघाल्यावर ते आधी हसले, मग रुसले, मग आठवडाभर जेवताना भलतेच विषय काढत राहिले. शेवटी म्हणाले, "एकदा कापलं की कापलं, बाई. पत्रा काय मेथी नाय परत फुटायला."

तेजस्विनीने वाद घातला नाही. तिने पुठ्ठ्याची झालर कापली, मडगार्डावर चिकटवली आणि त्यांना समोर उभं केलं. मग खालून जॅक लावून चाक वर उचललं आणि टायर पत्र्याला कुठे भिडतो ते त्यांच्याच बोटाने चाचपायला लावलं. त्यांनी चाचपलं. पुन्हा चाचपलं. हात धोतराला पुसत आत गेले आणि येताना पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी घेऊन आले.

"दोन्ही बाजू सारख्या यायला पायजेत," ते म्हणाले. "करायचंच हाय तर नीट करू."

तिला इतका आनंद झाला की नळी कशासाठी हे तिने विचारलंही नाही. विचारायची गरजही नव्हती. पाणी भरलेल्या या नळीने सावळीरामांनी आयुष्यभर कामं केली होती. नळीची दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हींतलं पाणी एकाच उंचीला थांबतं. लग्नाच्या मांडवांना ते फुलांच्या कमानी बांधत, तेव्हा डाव्या खांबावरची खूण उजव्या खांबावर याच नळीने नेत. घराचा पाया, ठिबकची टाकी, आणि हा ओटासुद्धा याच नळीने झाला होता.

म्हणून काम असं ठरलं. डावीकडची झालर तेजस्विनीने टायरपासून तीन बोटं अंतर ठेवून बेताने लावून बघितली आणि तिच्या माथ्यावर पेन्सिलीची खूण केली. ती खूण नळीने उजवीकडे न्यायची. डावं टोक नवसाबाईने धरलं, उजवं सावळीरामांनी. पाणी हललं, स्थिरावलं, आणि सावळीरामांनी नखाने खूण दाखवली.

तेजस्विनीने उजवी झालर त्या खुणेला धरली. टायर आणि झालर यांच्यामधली फट तिला जरा जास्त वाटली. पण जुन्या गाडीची एका बाजूची स्प्रिंग थोडी बसलेली असते, हे ती ऐकून होती. आणि नळीचं पाणी तर समोर दिसत होतं. शिवाय वडील इतक्या दिवसांनी मनापासून कामात उतरले होते, त्यांना या घडीला शंका काढून दाखवणं तिच्या जिवावर आलं. तिने दोन्ही बाजूंना रेघ मारली, रेघेच्या आत थोडी जागा सोडून दुसरी रेघ मारली, गाडी स्टँडवर चढवून चाकं काढली, आणि ग्राइंडर सुरू केला.

कापताना सावळीराम तिथे थांबले नाहीत. गुलाबाच्या वाफ्यात जाऊन ते पाठमोरे उभे राहिले. कापलेल्या पत्र्याच्या दोन चंद्रकोरी ओट्यावर पडल्या, तेव्हा नवसाबाईनेच त्या उचलून बाजूला ठेवल्या, आणि माझा ओटा मोकळा कधी होणार, मेथी काय डोक्यावर धुवू का, असं विचारून घेतलं.

दोन्ही झालरी बोल्टने तात्पुरत्या अडकवल्या, चाकं चढवली, आणि तेजस्विनीने गाडी ढकलत अंगणात आणली. अंगण सपाट, सारवलेलं. मागे दहा पावलं सरकून तिघांनी बघितलं.

नवसाबाई लग्नाच्या गाड्या सजवणारी बाई. बॉनेटवरचा हार बोटभर एका बाजूला ओघळला तरी तिला लांबून कळे. तिने मान तिरकी केली.

"उजवी भुवई वर गेलीय तिची," ती म्हणाली. "कुणाला तरी जाब विचारतीय असं दिसतंय."

डावी झालर टायरला धरून, बेताची. उजवी मात्र वर चढलेली, आणि खाली एवढी फट की मूठ सहज आत जावी. तेजस्विनीने वाकून बोल्ट बघितले. ते जागेवर होते. रेघ बघितली, तीही जागेवर. गाडी पुन्हा ओट्यावर नेली, पुन्हा नळी लावली. पाणी दोन्ही खुणांना अगदी बरोबर.

सावळीरामांनी एकदा पाण्याकडे आणि एकदा गाडीकडे बघितलं. अंगणात वाकडी असलेली गाडी ओट्यावर सरळ होते, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. नळीत हवेचा बुडबुडा असेल म्हणून त्यांनी ती रिकामी करून पुन्हा भरली. पाणी पुन्हा तेच सांगू लागलं.

नवसाबाई या सगळ्याला कंटाळली होती. बाजाराची भाजी खोळंबली होती. गाडी तिथेच राहू देत तिने ओट्याच्या वरच्या टोकाला टोपली टेकवली, नळ सोडला आणि मेथीच्या जुड्या खळबळायला लागली. मातकट पाण्याचा एक पाट गाडीच्या डाव्या चाकाला वळसा घालून खाली शिरला, गाडीखालून सरळ उजवीकडे आला, उजव्या चाकाला भिडला आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात उतरला.

तेजस्विनी त्या पाटाकडे बघत राहिली. मग तिने वडिलांकडे बघितलं. तेही तिकडेच बघत होते.

ओट्याला उतार होता. अर्थातच होता. भाजी धुतलेलं पाणी वाफ्यात जावं म्हणून सावळीरामांनीच तो मुद्दाम तसा बांधला होता, आणि त्याच नळीने मोजून बांधला होता. इतकी वर्षं तिघंही त्यावर उभे राहून भाजी धूत आले, त्यामुळे तो उतार कुणाच्या पायांना जाणवतच नव्हता. गाडी त्यावर आडवी उभी, म्हणजे तिची उजवी बाजू खाली झुकलेली. नळीने तिचं काम चोख केलं होतं. तिने दोन्ही खुणा जमिनीच्या हिशेबाने एका उंचीला आणल्या होत्या. पण झुकलेल्या गाडीच्या अंगावर ती उंची उजवीकडे दोन बोटं वर पडली. झालर जमिनीशी समतल हवी नव्हती, ती गाडीशी हवी होती.

आणि पत्रा कापून झाला होता. झालर खाली योग्य जागी आणली तर तिच्या वर कापलेली फट उघडी पडत होती, नेमकी त्या मडगार्डावर, जे सावळीरामांनी स्वतः ठोकून उभं केलं होतं.

सावळीराम ओट्याच्या कडेवर बसले. नळी गुंडाळायला लागले आणि अर्ध्यातच थांबले.

"माझ्यामुळं चुकलं तुझं," ते म्हणाले.

"ओटा तुम्ही बांधला नाना, नळीही तुम्ही आणली. ग्राइंडर माझ्या हातात होता. फट जास्त दिसत होती मला, तरी कापलं."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही आला होतात ना कामाला. म्हणून."

सावळीरामांनी उरलेली नळी गुंडाळली. मग म्हणाले की आता हात लावायला नको, द्वारका चौकापाशी चांगला डेंटर आहे, त्याच्याकडे टाकू, जमेल तेव्हा तो देईल. यंदाची शर्यत गेली तर गेली, पुढच्या वर्षी बघू.

तेजस्विनी उठली आणि कापलेल्या पत्र्याची उजवीकडची चंद्रकोर हातात घेऊन आली. ती तिने फटीला लावून बघितली. ग्राइंडरने खाल्लेली बारीक रेघ सोडली तर ती बरोबर बसत होती.

"पुढच्या वर्षी नाही," ती म्हणाली. "याची वरची पट्टी कापून मी परत जोडते. इथेच."

"त्या मशीननं? आपण द्राक्षाच्या मांडवाचे अँगल जोडतो त्याच्यानं? भोकं पडतील नुसती."

"पडतील. आधी दुसऱ्या पत्र्याला पाडते."

दुसरा पत्रा म्हणजे गोठ्यामागे पडलेला जुना कूलर. त्याची एक बाजू कापून तिने पट्ट्या केल्या, कारखान्यातल्या वेल्डरला विचारून सगळ्यांत बारीक रॉड आणले, आणि रोज कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंत त्या पट्ट्या जोडत बसली. पहिल्या दिवशी नुसतीच भोकं पडली. दुसऱ्या दिवशी भोकं कमी झाली, पण पत्रा तापून पापडासारखा वळला. नवसाबाई येता-जाता ते वळलेले तुकडे बघायची आणि कुरडया झाल्या का, म्हणून विचारायची. तेजस्विनी तुकडा बाजूला टाकून दुसरा घ्यायची. वेल्डरने तिला सांगितलं होतं की सलग रेघ ओढायचीच नाही. एक टिपका द्यायचा, हात काढायचा, पत्रा निवू द्यायचा, मग दुसरा टिपका लांब दुसऱ्या टोकाला. शिवाय मागून तांब्याचा जाड तुकडा दाबून धरला तर पत्र्याची उष्णता तो ओढून घेतो.

तांब्याचा तुकडा धरायला तिसरा हात हवा होता. तो तिच्याकडे नव्हता, म्हणून ती तुकडा चिमट्याने अडकवत होती आणि तो सारखा निसटत होता. चार-पाचदा निसटल्यावर सावळीराम वाफ्यातून उठून आले. हातांत चामड्याचे मोजे होते. त्यांनी तुकडा पत्र्यामागे दाबून धरला आणि मान दुसरीकडे फिरवली. त्या संध्याकाळी कूलरची पट्टी पहिल्यांदा न वळता जोडली गेली. सावळीरामांनी ती वाकवून बघितली, पालथी करून बघितली, आणि आणखी एक कर म्हणाले.

मग गाडीची पाळी आली. या वेळी गाडी ओट्यावर नव्हती. अंगणात होती. पेट्रोलची टाकी उतरवून विहिरीपलीकडे ठेवली. तेजस्विनीने लाकडाची एक पट्टी घेतली, तिच्या एका टोकाला खिळा ठोकला आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधली. खिळा चाकाच्या नेमक्या मध्यावर टेकवायचा आणि पट्टी गोल फिरवायची, कंपासने वर्तुळ काढतात तसं. डावीकडे जी पट्टी, तीच उजवीकडे. यात जमिनीला विचारायचं कारणच नव्हतं; गाडी तिरकी असो की सरळ, चाकाचा मध्य चाकाबरोबरच राहतो. एक शंका राहिली होती ती बसलेल्या स्प्रिंगची. म्हणून तिने दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या वरच्या, न कापलेल्या कडेपर्यंत अंतर घेतलं. ते सारखंच निघालं. स्प्रिंग बिचारी निर्दोष होती.

पट्टी जोडायला सबंध रविवार गेला. एक टिपका, थांबणं, ओला फडका, लांबचा दुसरा टिपका. सावळीराम मडगार्डाच्या पोटात हात घालून तांबं धरून बसले होते आणि त्यांचा चेहरा टायरच्या जागी, पत्र्याच्या कमानीतून बाहेर दिसत होता. मध्येच एका जागी लखकन भोक पडलं. तेजस्विनीचा हात थांबला.

"पडू दे," आतून आवाज आला. "मी ठोकलं तेव्हा सात-आठ पडली होती. ती शोध बरं तू."

तिला सापडली नाहीत. भोक तिने कडेकडेने टिपके देत भरलं.

सगळं जोडून झाल्यावर शिवण घासली, वरून खड्डे बुजवायची लांबी भरली, पुन्हा घासली, प्रायमर मारला. उन्हात तिरकं बघितलं तर उजव्या मडगार्डावर एक बारीक लाट दिसायची. ती काही गेली नाही. सावळीरामांनी तिच्यावरून तळवा फिरवला आणि आपली लाट खालच्या बाजूला होती, ही वर आहे, एवढंच म्हणाले.

पेट्रोलची टाकी परत चढवली, आणि पुढच्या दोन चाकांच्या झालरीही त्याच पट्टीने आखून, कापून अडकवल्या. झालरी पक्क्या करण्याआधी एक काम उरलं होतं. रिकामी गाडी बघून अंतर ठरवलं तर भरधाव खड्ड्यात गेल्यावर ते अंतर राहत नाही. म्हणून गाडी आधी दाबायला हवी होती. मागे डिकीत कांद्याच्या गोण्या टाकल्या, सीटमागच्या जागेत बटाट्याचे क्रेट ठेवले, चालवणाऱ्याशेजारच्या सीटवर नवसाबाईला बसवलं. ती आधी नको नको म्हणाली, मग पदर सावरून अशी बसली की जणू वरातच निघायची आहे. गाडी खाली बसली. टायरच्या खांद्यावर तेजस्विनीने खडू फासला आणि सावळीरामांना म्हणाली, आता तुम्ही चालवा, मी खाली बघते. पाटाच्या कच्च्या रस्त्याने ते विहिरीपर्यंत गेले, वळवताना चाकं पूर्ण तिरकी केली, उंचवट्यावरून मुद्दाम दाणकन उतरवली. नवसाबाईने त्यांना लग्नापासूनच्या सगळ्या चुका ऐकवल्या. परत आल्यावर तेजस्विनी पोटावर आडवी होऊन बघू लागली. मागे दोन्हीकडे खडू जसाच्या तसा होता. पुढे डावीकडे पुसलेला. पुढच्या झालरीची कड तिने तिथे थोडी घासली आणि त्यांना पुन्हा विहिरीपर्यंत पाठवलं. तिसऱ्या खेपेला खडू पुसला गेला नाही.

शर्यतीच्या दिवशी गाडी टेम्पोवरूनच नेली. अशी कापलेली गाडी रस्त्यावर चालवायला परवानगी नसते, आणि तेजस्विनीला नियमावर बोट ठेवायला कुणाला जागा द्यायची नव्हती. तपासणीला मागच्या वर्षीचेच गृहस्थ होते. त्यांनी तिला ओळखलं की नाही, हे चेहऱ्यावरून कळलं नाही. ते चारही चाकांपाशी एक एक करून बसले, ओळंबा सोडला, दोरा स्थिर होईपर्यंत थांबले. दोरा प्रत्येक टायरच्या बाहेरून मोकळा खाली गेला. झालरी धरून त्यांनी जोराने हलवल्या. मग उजव्या मागच्या मडगार्डावर त्यांचा हात थांबला.

"हे कुठं करून घेतलं?"

"घरी," तेजस्विनी म्हणाली.

त्यांनी खाली वाकून आतून शिवण बघितली, बोटाने चाचपली. सावळीराम मागे हात बांधून उभे होते आणि त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. गृहस्थ उठले, गुडघे झटकले, आणि पास केल्याचा गोल कागद काचेवर चिकटवून पुढच्या गाडीकडे गेले.

मैदानात सोडल्यावर पहिलं वळण डावीकडे होतं. मागच्या टायरांनी डांबर धरलं. गाडी घसरली नाही, वळली. दुसरं वळण उजवीकडे, आणि त्याच्यापुढे मैदानाच्या मधोमध एक खोलगट पट्टा, जिथे सगळ्या गाड्या धप्पकन बसत होत्या. तेजस्विनीने ब्रेकवर पाय ठेवला नाही. गाडी खाली गेली, स्प्रिंगा दबल्या, तिचे दात एकमेकांवर आपटले. ती पत्र्यावर रबर घासल्याच्या आवाजाची वाट बघत होती. फक्त इंजिन ऐकू आलं. तिने गिअर वर टाकला आणि पुढचा शंकू बघितला.